विधवा प्रथा थांबवायची आहे: ठराव, तिरडीजवळचे तास आणि सातबारा

प्रश्न: आमचं गाव साडेतीनशे उंबऱ्यांचं. बचत गटातल्या आम्ही काही जणींनी गावातली विधवा प्रथा (बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं) बंद करायचं मनावर घेतलं आहे. सरपंच ठराव घ्यायला तयार आहेत. ठराव झाला की प्रथा थांबेल का? सुरुवात कुठून करावी, आणि लोक अडून बसले तर काय करायचं?

उत्तर: ठराव जरूर घ्या, पण नुसत्या ठरावाने प्रथा थांबत नाही. माणूस गेल्यापासून तिरडी उचलेपर्यंत साधारण चार-सहा तास जातात. लेकी-जावई यायचे असतात, लाकडं आणायची असतात. प्रथा थांबणार की चालणार हे त्या तासांत ठरतं, आणि पुन्हा दहाव्या दिवशी ठरतं. तिच्या शेजारी कोण बसलंय, सासूशी कोण बोलतंय आणि भावकीतला कोणता पुरुष तोंड उघडतोय, यावर सगळं अवलंबून असतं. ठरावामुळे त्या बोलणाऱ्या माणसाला "हे माझं एकट्याचं म्हणणं नाही, गावानं ठरवलंय" असं म्हणता येतं. ठरावाचा उपयोग तेवढाच, पण त्या दारात उभं राहिलं की तो किती मोठा आहे ते कळतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये असा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर अनेक गावांत ठराव झाले. त्यातले बरेच इतिवृत्ताच्या वहीतच राहिले, कारण पुढचा मृत्यू झाला तेव्हा त्या घरी कुणी जायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

ठराव कसा घ्यायचा

विषय ऐनवेळी मांडू नका. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" या सदरात तो आला तर घाईत हात वर होतात आणि नंतर "आम्हाला कुठं माहीत होतं" म्हणायला लोक मोकळे राहतात. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ती निघण्यापूर्वी ग्रामसेवकाकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विषयपत्रिकेत तो स्वतंत्र क्रमांकाने येऊ द्या. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तरीही असा ठराव तहकूब सभेत वीस माणसांत घेऊ नये. कायद्याला तो चालेल, गावाला पटणार नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते. तुम्ही ती खरी घ्या. विषयावर खरी चर्चा तिथेच होईल, कारण पुरुषांसमोर न बोलणाऱ्या म्हाताऱ्या तिथे बोलतात. त्या विरोधात बोलल्या तरी बोलू द्या. कुणाचा विरोध आहे हे मयताच्या दारात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल:

"पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे, तसेच तिला शुभकार्यातून वगळणे या प्रथा आपल्या गावात पाळल्या जाऊ नयेत, असे ही ग्रामसभा ठरवते. अलंकार, कुंकू व पोशाख यांबाबतचा निर्णय सर्वस्वी त्या महिलेचा राहील. तिच्यावर कोणत्याही बाजूने सक्ती होऊ नये. निधनाची वार्ता कळताच खालील समितीच्या किमान दोन सदस्या त्या घरी जातील. मृत्यूची नोंद, वारस नोंद व शासकीय योजनांचे अर्ज यांसाठी ग्रामपंचायत ९० दिवसांच्या आत साहाय्य करेल."

दुसरं वाक्य वगळू नका. ते नसेल तर "आता प्रत्येकीने कुंकू लावलंच पाहिजे" असा नवाच जाच सुरू होतो. समितीच्या वाक्याखाली खरी नावं लिहा. "समिती नेमण्यात येईल" असं लिहिलं तर ती कधीच नेमली जात नाही. आणि "प्रथा पाळणाऱ्यास अमुक रुपये दंड" असलं कलम कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. ग्रामसभेला असा दंड करण्याचा अधिकार नाही. एकदा दंडाची भाषा आली की ज्याच्या घरी मयत झालंय त्याला आपण शिक्षा करायला आलोय असं वाटतं, आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

ही प्रथा कुणाच्या हातून घडते

१८९० च्या सुमारास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. वपनाविरुद्ध भाषणं आधीपासून होत होती. या नाभिकांनी मात्र वस्तरा चालवणारा हातच मागे घेतला. तुमच्या गावातही प्रथा "समाज" नावाचं कुणी करत नाही, ठरावीक पाच-सात जणींच्या हातून ती होते. बांगड्या बहुतेक ठिकाणी आधीच विधवा झालेल्या बायकाच फोडतात. कोण पुढे होतं, दगड कोण आणतं, "चला आटपा" कोण म्हणतं, विधी सांगायला कोण असतं (भटजी, जंगम, गुरव की समाजातला कुणी जाणता), माहेरची साडी कधी नेसवतात, हे गावाला पाठ असतं. त्यांची यादी करा. गावात प्रत्येक समाजाची रीत थोडी वेगळी असेल: कुठे दारातच होतं, कुठे नदीवर, कुठे दहाव्याला. यादी समाजवार करा.

मग त्यांच्या घरी जा, एकेकीकडे, गावात मयत नसताना. त्यांना चुकीचं ठरवायला नव्हे. या बायकांवरही हेच घडलेलं असतं, आणि त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं. "तुमच्या वेळी काय झालं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. तासभर लागला तरी लागू द्या. ज्या बाईचा स्वतःचा घाव तिने कुणाला सांगितलेला असतो, ती पुढच्या खेपेला हात आखडता घेते. या बायकांपैकी दोघी समितीत आल्या तर समजा अर्धं काम झालं.

समिती सात-आठ जणांची पुरते. त्यात किमान दोन विधवा, दोन वयस्क सुवासिनी, एक आशा किंवा अंगणवाडी सेविका आणि दोन पुरुष असावेत. पुरुष पोलीस पाटील असलाच पाहिजे असं नाही. भजनी मंडळातला वयस्क माणूस जास्त उपयोगी पडतो, कारण मयताच्या घरी तो तसाही जातोच. एक गोष्ट सांभाळा. समिती सगळी एकाच जातीची झाली तर ती इतर वस्तीत उपदेशच वाटते, आणि काही दारांत तिला आत घेणारही नाहीत. प्रत्येक वस्तीत त्याच वस्तीतल्या दोघी हव्यात. वाडी लांब असेल तर तिथली जोडी वेगळी ठेवा. रात्री दोन किलोमीटर चालत जायला कुणी निघत नाही.

नवऱ्याची चिठ्ठी

करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी या विषयावर मोहीम चालवली. त्यांनी आपल्या मागे आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत असं स्वतःच्या हयातीत लिहून जाहीर केलं. तुमच्या गावात सगळ्यात जास्त चालेल असा उपाय हाच. कारण साधं आहे. तिरडीपाशी सुनेचं कुणी ऐकत नाही, कार्यकर्त्याचं तर नाहीच. पण गेलेल्या मुलाचे शब्द आईला डावलता येत नाहीत.

मुद्रांकाची गरज नाही, साधा कागद चालतो. मजकूर चार ओळींचा:

"माझ्या निधनानंतर माझ्या पत्नीचे कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, मंगळसूत्र काढू नये. तिने काय ल्यायचे ते ती ठरवेल. आईला, भावांना आणि भावकीला ही माझी हात जोडून विनंती आहे."

खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. त्यातला एक सख्खा भाऊ किंवा चुलता असेल तर उत्तम. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फाइलला, एक मित्राकडे. घरातल्या कपाटात एकुलती प्रत ठेवू नका, त्या दिवशी कपाटाची किल्ली कुणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही. जमिनीचा किंवा घराचा विषय या कागदात घालू नका. ते मृत्युपत्रात, वेगळ्या कागदावर आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहायचं. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की चिठ्ठी वाचतानाच भांडण सुरू होतं.

पहिल्या पन्नास चिठ्ठ्या सरपंच, सदस्य, शिक्षक, सोसायटीचे संचालक यांच्याकडून घ्या. नवऱ्याने चिठ्ठी लिहिणं म्हणजे अपशकुन, असं बायकाच म्हणतील. विमा काढतानाही आपण मरणानंतरचंच लिहून देतो, एवढं उत्तर पुरतं.

त्या दिवशी

बातमी कळल्यापासून अर्ध्या तासात दोघींनी पोहोचायला हवं. उशीर झाला आणि गर्दी जमली की मग शेजारी बसायलाही जागा मिळत नाही. जास्त जणी जाऊ नका. बाहेरगावच्या कार्यकर्त्या, पत्रकार, मोबाइलवर चित्रीकरण यांतलं काहीही नको. चित्रीकरण सुरू झालं की घरच्यांना तो आपल्या अब्रूचा पंचनामा वाटतो, आणि तयार झालेली माणसंही फिरतात.

पहिली जण तिच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला चिकटून बसते आणि तिथून उठत नाही. तिचं पहिलं काम प्रथेचं नसतंच. पाणी दिलंय का? सकाळपासून पोटात काही आहे का? बीपी-शुगरची गोळी राहिली आहे का? अंगावरचं बाळ असेल तर त्याला पाजलं का? गरोदर असेल तर आशाला तिथेच थांबवा. पुष्कळ ठिकाणी तिला लुगड्यासकट थंड पाण्याने आंघोळ घालतात. पाणी कोमट करायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

मग कानाशी, हळू आवाजात, एकदाच विचारायचं: "कुंकू-बांगड्यांचं तुला काय करायचंय? आत्ता सांगायला नको, पण तोवर कुणी हात लावणार नाही." ती बहुधा काही बोलणार नाही. उत्तर नाही याचा अर्थ "आत्ता हात लावायचा नाही" असाच घ्यायचा, कारण काढायचंच असेल तर ते महिन्याने, वर्षानेही काढता येतं. फुटलेलं मात्र परत येत नाही. जमलेल्या बायकांनाही हे पटतं, कारण यात नकार नाही, थांबणं आहे.

ती स्वतःहून "काढा" म्हणाली तर वाद घालू नका. फक्त पद्धत बदला. हात रडून, उन्हाने सुजलेले असतात आणि काचेच्या बांगड्या घट्ट बसतात. दगडाने फोडल्या तर मनगट चिरतं आणि अनवाणी गर्दीच्या पायात काच जाते. खोबरेल किंवा साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी सरकवून काढा. मंगळसूत्र तोडायचं नाही. तिने किंवा लेकीने सोडवायचं, रुमालात बांधून तिच्याच हातात द्यायचं आणि ते तिच्याकडेच ठेवायचं. इथे जरा डोळस राहा. मंगळसूत्र, पाटल्या, डोरलं हे तिचं स्त्रीधन आहे. त्या गोंधळात "सांभाळून ठेवते" म्हणून जे दुसऱ्याच्या कपाटात जातं ते बहुधा परत येत नाही.

दुसरीने सासूजवळ बसायचं. सगळ्यात कठीण विरोध तिथून येतो, आणि तो दुष्टपणाचा नसतो. "माझा पोरगा गेला आणि हिचं कुंकू तसंच?" यामागे मुलाच्या मरणाची खूण कुठेतरी दिसली पाहिजे, अशी आईची मागणी असते. तिथे स्त्री-समतेवर बोलू नका. तिला बोलू द्या, रडू द्या, मुलाची आठवण काढू द्या. चिठ्ठी असेल तर याच वेळी भावाने ती वाचायची. नसेल तर "त्यानं स्वतःच्या हातानं घातलेलं मंगळसूत्र आहे, ते आपण कशाला तोडायचं?" हे वाक्य इतर दहा युक्तिवादांपेक्षा जास्त काम करतं. कुंकू ती लहानपणापासून लावते आहे, ते लग्नात मिळालेलं नाही, हेही बायकांना लगेच कळतं.

माहेरची माणसं आपल्या बाजूने असतील असं गृहीत धरू नका. "उद्या सासरचे नांदवणार नाहीत, जे रीत आहे ते होऊन जाऊ दे" असं भाऊच म्हणतो. त्याला बाजूला घेऊन एकच सांगायचं: ती सासरी राहणार की नाही हे बांगड्यांवर ठरत नाही, सातबाऱ्यावर ठरतं. आणि त्या दिवशी भावकीतल्या एका तरी पुरुषाने, दिराने किंवा चुलत सासऱ्याने, चारचौघांत मोठ्याने म्हणायला हवं की आमच्याकडे हे होणार नाही. धाडस त्याने करायचं. नवरा गेलेल्या बाईकडून त्या तासाला शौर्याची अपेक्षा धरणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

आत्महत्या किंवा अपघात असेल तर सगळं वेगळं होतं. शवविच्छेदनामुळे तास वाढतात, पोलीस येतात आणि तिच्यावरच बोटं रोखली जातात. तिथे कुंकवाचा विषय मागे ठेवा. दोघींपैकी एकीने तिला एकटं न सोडणं हेच त्या दिवसाचं काम.

दहावा, तेरावा आणि सही

पहिल्या दिवशी वाचलेल्या बांगड्या दहाव्याला फुटतात, हे सगळ्यात नेहमीचं अपयश आहे. पहिल्या दिवशी धक्क्यात सगळे गप्प असतात. नऊ दिवसांत पाहुणेरावळे येतात, कुजबुज होते, आणि घाटावर "राहिलेलं उरकून घ्या" म्हणून कुणीतरी पुढे होतं. म्हणून आठव्या दिवशी घरी जाऊन विधी सांगणाऱ्याशी आणि दिराशी पुन्हा बोलून घ्या. दहाव्याला आणि तेराव्याला त्याच दोघी हजर हव्यात, नव्या नकोत.

याच तेरा दिवसांत आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कोऱ्या कागदावर, मुद्रांकावर किंवा बँकेच्या फॉर्मवर तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: तेरावा होईपर्यंत कशावरही सही नाही, आणि त्यानंतर वाचून दाखवल्याशिवाय नाही. हक्कसोडपत्र तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. "तलाठ्याकडे चल, नाव लावायचंय" म्हणून तालुक्याला नेलं आणि गाडी निबंधक कार्यालयासमोर थांबली, तर तिथेच मागे फिरायचं.

९० दिवसांचे कागद

ओढा या भागाकडे कमी असतो, कारण यात भाषण नाही की हारतुरे नाहीत. माझ्या मते प्रथा टिकते ती मुख्यतः इथे. जिच्या नावावर काही नाही तिला बोलायला जागा राहत नाही, मग ती स्वतःच कुंकू लावायचं सोडते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. उशीर झाला तर विलंब शुल्क, आणखी उशिरा वरिष्ठांची परवानगी लागते. दाखल्याच्या किमान दहा प्रती घ्या. नावातलं अक्षर आधार आणि सातबाऱ्याशी जुळतंय का ते तिथेच पाहा, नंतर दुरुस्तीला महिने जातात.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांच्या आत द्यायचा. फेरफार पडला की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या हिश्शाला बायको, मुलगे, मुली आणि आई हे सारख्या वाट्याचे वारस आहेत. म्हणजे त्याच्या वाट्याची ४ एकर जमीन असेल आणि मागे आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी असतील तर प्रत्येकी १ एकर. पुढे तिने दुसरं लग्न केलं तरी आलेला वाटा जात नाही.

फेरफारात तीन जागा तपासा. तिचं नाव कब्जेदार सदरात (मालकाच्या रकान्यात) आहे की "इतर हक्क" मध्ये ढकललंय? दिराचं नाव "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागून सगळी जमीन त्याच्याकडे गेलेली दिसते का? आणि मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या नावापुढे "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचं नाव आहे की काकाचं? अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, पण कागदावर काका असेल तर कसायचं कुणी हे तोच ठरवतो. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांची नोंद) वेगळा बदलावा लागतो, सातबाऱ्याबरोबर तो आपोआप बदलत नाही.

पैशांचे अर्ज असे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात, वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आतलं दाखवावं लागतं. बहुतेक अर्ज या उत्पन्नाच्या दाखल्यावरच अडतात, कारण दाखला नवऱ्याच्या जुन्या कमाईवर काढलेला असतो. कर्ता पुरुष १८ ते ५९ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदाच २०,००० रुपये. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत प्रत्येकी दरमहा २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेत २ लाख, पण तो प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायला हवा. दुःखात ही मुदत हमखास निघून जाते, म्हणून अपघात असेल तर समितीने याच अर्जापासून सुरुवात करावी.

नवऱ्याचं पासबुक आणून वर्षभराच्या नोंदी वाचा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा आहे, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० रुपये कापलेले असतील तर सुरक्षा विमा, अपघात असेल तर २ लाख. घरच्यांना याचा पत्ताच नसतो, खातं उघडताना सही घेतलेली असते. साखर कारखान्यात, एमआयडीसीत किंवा बांधकामावर नोंदणीने काम केलेलं असेल तर भविष्य निर्वाह निधीचं निवृत्तिवेतन आणि कामगार मंडळाचे लाभ वेगळे. आणि खात्यावर वारसदार (नॉमिनी) म्हणून सासऱ्याचं किंवा दिराचं नाव असेल तर घाबरू नका. ज्याचं नाव आहे तो पैसे स्वीकारतो, मालक होत नाही.

नवरा हयात असतानाच हे सोपं करता येतं. घरपट्टीवर दोघांची नावं लावता येतात. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मीमुक्तीची सोय १९९२ पासून आहे. चिठ्ठ्या गोळा करायला जाल तेव्हा या दोन अर्जांचे नमुने बरोबर न्या.

हळदीकुंकू आणि लग्नाचा मांडव

वर्षभराने पाहा, बांगड्या वाचलेल्या बाईला मुलीच्या लग्नात मागे उभं केलेलं असतं. हळद लावायला, ओटी भरायला, मुहूर्ताच्या सुपारीला काकू-मामीला बोलावतात. इथे ठराव पोहोचत नाही. पुढच्या तारखा आधीच वहीत लिहून ठेवा: पहिली संक्रांत, वर्षश्राद्ध, घरातलं पहिलं लग्न. लग्नाआधी महिनाभर मुलीशीच बोला. आईने हळद लावल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, असं नवरी म्हणाली की मांडवातले सगळे गप्प बसतात.

विधवांना व्यासपीठावर बोलावून हिरव्या बांगड्या भरण्याचे "सन्मान सोहळे" मात्र टाळा. छायाचित्र छान येतं, पण ती बाई पुन्हा एकदा वेगळी काढली जाते. त्यापेक्षा संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचं निमंत्रणच "गावातील सर्व महिला" असं लिहा. विधवांची वेगळी रांग नको, बसायला सरमिसळ. सगळ्यांना एकच वाण. करंडा फिरवायचं काम विधवा आणि सुवासिनी अशा जोडीकडे द्या. ज्यांना कुंकू नको त्यांच्यासाठी ताटात बुक्का किंवा अष्टगंध ठेवा. बुक्का वारीत सगळ्यांच्याच कपाळी लागतो, त्यामुळे त्याला कुणी हरकत घेत नाही आणि कुणाला अवघडल्यासारखंही होत नाही. पहिल्या वर्षी साठातल्या दहा विधवा आल्या तरी चांगलं चाललंय असं समजा. उरलेल्यांच्या घरी वाण पोहोचवा, पण "का आला नाहीत" असं विचारू नका.

अडून बसले तर

साधा विरोध, टोमणे, नाक मुरडणं याला वेळ हेच उत्तर. जबरदस्तीने हात धरून बांगड्या फोडल्या, इजा झाली किंवा धमकावलं तर तो नेहमीच्या फौजदारी कायद्यातला गुन्हा आहे. त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही: पोलिसांचा ११२ आणि महिलांसाठीचा १८१ क्रमांक आहे. तक्रार मात्र तिच्या इच्छेने करायची, समितीच्या उत्साहाने नाही. उद्या तिलाच त्या घरात राहायचं आहे.

जात पंचायतीने किंवा भावकीने कुटुंब वाळीत टाकलं, लग्नकार्याला बोलवायचं नाही असं ठरवलं, तर राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तारीख, कोण काय म्हणालं, कुणासमोर, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याने दिलेल्या जबाबात तारखा जुळत नाहीत आणि तक्रार तिथेच ढिली पडते. जमिनीचा वाद झाला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

आता तुमच्या गावापुरतं. ग्रामसभेला अजून अवधी असेल तर ठरावाचा अर्ज थोडा मागे ठेवा. आधी ती यादी करा आणि गावातल्या विधवांच्या घरी जाऊन या. साडेतीनशे उंबऱ्यांत बांगड्या फोडायला पुढे होणाऱ्या पाच-सात जणींच्या वर कुणी सापडणार नाही. त्यातल्या दोघी-तिघी "आम्ही नाही फोडणार" म्हणाल्या की मग अर्ज द्या, आणि सूचक म्हणून त्यांच्यातल्याच एकीचं नाव घाला.